चार नंबरचा पाईप

“काडी पुढे करू नकोस,” मास्तर म्हणाले. “आधी कोरडं ओढू दे. कसली लगीनघाई चाललीय तुझी?”

“आठ महिने थांबलोय, दादा. ही लगीनघाई झाली?”

भाऊजींनी काडेपेटी मागे घेतली. हात पेटीसकट खिशात घातला. मी खिडकीजवळ स्टुलावर बसून डब्यांना चिठ्ठ्या डकवत होते. मी काहीच बोलत नव्हते, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. सकाळी अंघोळ झाली की दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. बोलायचं नाही, लिहूनही सांगायचं नाही. अगदीच अडलं तर होय-नाहीची मान हलवायची, एवढी सवलत मी देवाकडून मागून घेतलेली होती.

मास्तर म्हणजे माझे यजमान. पाईपच्या तंबाखूचं आमचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे पानं मिसळायची खोली, वरच्या मजल्यावर घर. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, तेव्हा इथे मीही तेच म्हणते. भाऊजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. सासरे गेले तेव्हा ते शाळेत होते. पानं ओली करणं, कातरणं, चाळणं, डबे भरणं ही दुकानातली सगळी कामं ते करत. एकच काम त्यांचं नव्हतं. कुठलं पान किती घ्यायचं, हे मास्तर ठरवत. त्या खोलीत दोन नाकं कधी नव्हती; आधी सासऱ्यांचं होतं, मग मास्तरांचं.

आणि आता भाऊजींनी स्वतःचं एक मिश्रण केलं होतं. मास्तरांनी ‘हं’ म्हटलं की ते दुकानाच्या काचेत लागणार, आणि भाऊजी त्या दिवसापासून कातरणारे न राहता मिसळणारे होणार. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. पण त्या दिवशी भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

मास्तरांनी चिमूटभर तंबाखू पांढऱ्या कागदावर पसरली होती. पिवळं पान, तपकिरी पान, धुरावर वाळवलेलं काळं पान, आणि मधे मधे ते बारीक आंबूस पान, ज्याचा वास जुन्या चामड्यासारखा येतो. त्यांनी रंग पाहिले. दोन बोटांत चुरून ओल पाहिली. मग ओळीतला चार नंबरचा पाईप उचलला, तीन वेळा थोडी थोडी करून तंबाखू भरली, आणि न पेटवता नुसती हवा ओढली.

त्यांच्या भुवया किंचित जवळ आल्या. मी मनात म्हटलं, विचार करताहेत.

“आण काडी.”

आमचे चाखायचे पाईप पांढऱ्या मातीचे होते, सहा नग, बुडाला नंबर कोरलेले. लाकडी पाईप मागच्या तंबाखूचा वास धरून ठेवतो, त्यामुळे परीक्षेला चालत नाही. मातीचाही धरतोच, पण तो निखाऱ्यात घालून भाजता येतो. आतलं काळं जळून जातं आणि पाईप नव्यासारखा निघतो. दर शनिवारी परसातल्या शेगडीवर पाईप भाजायचं काम माझं. मी तंबाखू कधी तोंडाला लावली नाही, पण “पाईप भाजावेत तर आमच्या हिनंच,” असं मास्तर चारचौघांत सांगत. ते ऐकायला मला आवडत असे, हेही खरं.

मास्तरांनी पाईप पेटवला, वरची राख पितळी काडीने दाबली, पुन्हा पेटवला. दोन-तीन झुरके घेऊन धूर तोंडात फिरवला, थोडा नाकातून सोडला. खोलीत निळसर धूर पसरला. भाऊजी त्यांच्या तोंडाकडे असे बघत होते, की मला हसूच यायला लागलं.

“काय घातलंयस यात?”

“पान.”

“पान मला दिसतंय. आणिक काय?”

“आणिक काय घालणार? बाबांचा नियम मला माहीत नाही का? पानात पानाशिवाय काही घालायचं नाही.”

“अत्तर आहे यात.”

भाऊजी हसले. “दादा, पुरे आता थट्टा. सांग ना.”

“मी थट्टा करतोय असं वाटतं तुला?” मास्तरांनी पाईप खाली ठेवला. ते रागावले की आवाज चढत नसे, उतरत असे. “सुगंधी पाणी मारून गिऱ्हाइकाला गंडवायचं, ते बाजारातल्या टपरीवर. या खोलीत नाही.”

“अरे पण नाही घातलं! आईची शपथ.”

“मग ओढ. घे, तूच ओढ.”

भाऊजींनी पाईप घेतला. एक झुरका घेतला, थांबले, दुसरा घेतला. मी आजवर अनेक माणसांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत. पण असा स्वतःच्याच जिभेने पाडलेला चेहरा तो एकच. त्यांना ते लागलं होतं. नाही म्हणता आलं असतं, पण ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते.

“लागलं ना?”

“लागलं,” भाऊजी म्हणाले. “पण मी घरी माझ्या पाईपमध्ये ओढलं, तेव्हा नव्हतं लागलं. कालसुद्धा नाही.”

“तुझ्या पाईपमध्ये पन्नास तंबाखू ओढून झाल्यात, त्यात काय कळणार? हा मातीचा आहे.” मग मास्तर माझ्याकडे वळले. “शनिवारी पाईप भाजलेत ना गं?”

मी मान हलवली. होय.

दर शनिवारी भाजते, म्हणून होय. मान हलवायला विचार करावा लागत नाही. आणि मान थांबली तसं मला आठवलं.

बुधवारी एक फिरता विक्रेता आला होता. त्याने कुठल्याशा गुलाबी डब्यातला नमुना दिला, आणि मास्तरांनी गंमत म्हणून हाताला येईल त्या पाईपमध्ये भरून ओढला. दोन झुरके घेऊन त्यांनी विचारलं होतं, “अहो, हे ओढायचं की अंगाला चोपडायचं?” विक्रेताही हसला. मग त्यांनी पाईप ठोकून रिकामा केला. तो मी ओल्या फडक्याने पुसून खिडकीत वाळत ठेवला होता. शनिवारी शेगडीत गेले ते पाच. संध्याकाळी खिडकीत सहावा दिसला, पांढराच होता, तो मी उचलून ओळीत लावला. पांढरा दिसला म्हणजे भाजला, असं धरून.

चार नंबरचा.

“हिनं भाजलेत म्हणजे भाजलेत,” मास्तर म्हणाले. “पाईपला दोष देऊ नकोस. आता दोनच गोष्टी उरल्या. एक तर तू अत्तर घातलंस आणि आता नाही म्हणतोयस. नाहीतर पानाला कुठूनतरी तो वास लागला, आणि आठ महिने नाकाशी धरून तुला तो कळला नाही. खोटारडा की बिननाकाचा? तूच निवड.”

मी स्टुलावरून उठले. मान आडवी हलवायची होती. पाईप उचलून दाखवायचा होता. घड्याळात साडेदहा झाले होते.

“तू बस,” मास्तर म्हणाले. “दिराची वकिली नको. तुझं मौन आहे ना, पाळ ते.”

मी बसले. कोणी हात धरून बसवलं नाही मला. मीच बसले.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “तुम्ही रोज बघत होता की. मी काही घातलं का?”

मी नाही अशी मान हलवली. तेवढी मात्र लगेच हलली. पण ती भावजयीची मान होती, तिला कोण विचारतो?

भाऊजी उभे होते. बोलले, पण मास्तरांशी नव्हे; समोर पसरलेल्या त्या कागदाशी. “मग बिननाकाचाच असेन मी.”

ते वर गेले, तासाभराने हातात पिशवी घेऊन उतरले. मी जिन्यापाशी होते. इतक्या रागातसुद्धा त्यांनी वाकून नमस्कार केला. “येतो, वहिनी,” म्हणाले. मी मान हलवली.

बारा वाजले. वरच्या घड्याळाचे टोले मी मोजले. रोज बारा वाजले की मी देवाचं नाव घेऊन बोलायला सुरुवात करते. त्या दिवशीही घेतलं. मग मास्तर जेवायला आले, पाटावर बसले, आणि मी बोलले, “वाढू?”

आता वाटतं, तिथेच बोलायला हवं होतं. पण हे रागात जेवत होते. म्हटलं जेवण होऊ दे. जेवण झाल्यावर पडले. म्हटलं उठू देत. चारनंतर गिऱ्हाइकं यायला लागली. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “मास्तर, तुमचं नाक चुकलंय का हो कधी?” आणि सगळे हसले. म्हटलं, भाऊजी संध्याकाळी जेवायला येतीलच, दोघांना समोरासमोर बसवून सांगेन. मनातल्या मनात मी वाक्यंसुद्धा जुळवली. भाऊजी आले नाहीत. तो पाईप मी दुसऱ्या दिवशी भाजला. निखाऱ्यांवर पडल्यावर त्यातून वास येऊन गेला, एवढासा, पण स्वच्छ ओळखू येणारा. गुलाबाचा. मी पदर नाकाला लावून उभी राहिले.

महिन्याभराने भाऊजींचं पत्र आलं. दुसऱ्या गावात एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला लागलो, खोली मिळाली, पाणी चांगलं आहे, काळजी नसावी. तंबाखूचं अवाक्षर नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, तीन वेळा. प्रत्येक वेळी ‘पत्रास कारण की’पर्यंत आले आणि पुढे खुशालीच लिहिली. रोज देवापुढे उभी राहून मी सांगत होते. देवाला सगळं माहीतच असतं; त्याला सांगायला काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट केली मी. भाऊजींच्या मिश्रणाची मातीची बरणी मास्तर फेकून द्यायला निघाले होते. “मी टाकते,” असं म्हणून मी ती घेतली, झाकणाला मेण लावलं, आणि फळीवर रिकाम्या डब्यांच्या मागे सरकवून ठेवली. का ठेवली ते तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सहा वर्षं गेली. खोलीला रंग द्यायचा म्हणून फळ्या रिकाम्या केल्या, तेव्हा मास्तरांच्याच हाताला बरणी लागली. रविवार होता, संध्याकाळची वेळ, दुकान बंद.

“हे काय गं? चिठ्ठी नाही, काही नाही.”

“बघा तरी उघडून,” मी म्हटलं.

त्यांनी सुरीने मेण कापलं. झाकण निघालं तसे ते एकदम सरळ बसले. कागद घेतला, चिमूट पसरली. सहा वर्षांत पिवळं पान तांबूस झालं होतं, काळं आणखी काळं. सगळ्या रंगांनी एकमेकांच्या जवळ येऊन बसून घेतलं होतं. मास्तर ‘मुरणं’ हा शब्द फार जपून वापरत. ओलावा सुकला म्हणजे मुरलं नाही, म्हणत. पानं एकमेकांची झाली की मुरलं. त्यांनी दोन नंबरचा पाईप घेतला. तो भाजलेला होता. त्या शनिवारनंतर एकेक पाईप मोजल्याशिवाय मी शेगडी विझवली नाही.

कोरडं ओढलं. पेटवलं. राख दाबली, परत पेटवलं.  धूर सोडायचा, तो कंजुषी केल्यासारखा, थोडा थोडा.

“धूर जिभेला चावत नाही,” ते स्वतःशी म्हणाले. “जरासुद्धा नाही.” मग थोड्या वेळाने, “पिवळ्या पानाची गोडी बघ कशी आहे. साखर आहे असं नाही वाटत. साखर होती असं वाटतं.”

मला तंबाखूतलं कळत नाही, पण त्या खोलीतला वास मला कळत होता. लग्न होऊन आले तेव्हा याच धुराने मळमळायचं. पुढे पुढे तो नसला की घर कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटायला लागलं.

“आणि हे काळं पान,” मास्तर म्हणाले. “बाकीचे लोक घालतात तर ते पुढे पुढे करतं. माझंसुद्धा करतं, खरं सांगतो. इथं बघ, मागं उभं राहून सगळ्यांना वाढतंय. मी असतो तर आणखी मूठभर घातलं असतं. आणि बिघडवून ठेवलं असतं.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कोणाच्याही मिश्रणाबद्दल ऐकलं नव्हतं, सासऱ्यांच्यासुद्धा. “कुणाचं आहे गं हे? बाबांच्या वेळचं?”

“भाऊजींचं,” मी म्हटलं.

पाईप त्यांच्या हातात तसाच राहिला. विझला. त्यांनी तो परत पेटवला नाही, ठेवलाही नाही. बाहेर रस्त्यावरून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला वाटलं, आता. आता बारा वाजायचे नाहीत, जेवण नाही, गिऱ्हाईक नाही. माझ्या जिभेवर शब्द आलेले होते, अगदी दातांपर्यंत.

“म्हणजे अत्तर उडून गेलं,” मास्तर म्हणाले. “सहा वर्षं म्हणजे काय कमी झाली? मुरताना उडतंच ते. हो ना?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी अजून विसरलेले नाही. ते विचारत नव्हते. मागत होते.

“हो,” मी म्हटलं.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी निदान मी गप्प होते. या वेळी मी बोलले.

तो सगळा हिवाळा दर रविवारी मास्तर मिसळायच्या खोलीत एकटे बसून त्या बरणीतला एक पाईप ओढत. दार लावून घेत नसत, पण मी चहा ठेवून लगेच बाहेर येई. बरणी संपली तेव्हा त्यांनी ती धुवायला दिली नाही, तशीच झाकण लावून ठेवली. एकदा म्हणाले, “धाकट्याचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?” मी कागदावर लिहून दिला. तो त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. आठवडाभराने सदरा धुतला तेव्हा खिशात कागदाचा लगदा सापडला. मी पुन्हा लिहून दिला नाही, त्यांनी पुन्हा मागितला नाही.

मास्तर गेले त्याला आता अकरा महिने झाले. भाऊजी येऊन सगळं करून गेले; घर माणसांनी भरलेलं, त्यात काय बोलणार? दुकान आवरलं. पाईप कोणी कोणी आठवण म्हणून मागून नेले. मग एक दिवस मी गाडीत बसले आणि भाऊजींच्या शाळेत गेले. त्यांना मधल्या सुटीतच वेळ मिळतो असं कळलं होतं. मधली सुटी साडेदहाला.

प्रयोगशाळा लांबलचक होती, दगडी टेबलं, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं. भाऊजी निळा डगला घालून बाटल्या पुसत होते. डोक्यावरचे केस निम्मे गेलेले. मला पाहून धावत आले, स्टूल पुसलं, माठातलं पाणी दिलं. माझं मौन त्यांना ठाऊक, त्यामुळे उत्तराची वाट न बघता आपणच बोलत राहिले.

“बसा, वहिनी, बसा. हे माझं राज्य. इथं एक बरं आहे, प्रत्येक बाटलीवर नाव लिहिलेलं असतं. काही ओळखायला लागत नाही.” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बाटलीचा वास घेऊ नये’. “बघा, माझ्यासाठीच लिहून ठेवल्यासारखं. पोरं मला बिननाक्या काका म्हणतात. एकदा गॅस गळत होता, सगळा वर्ग नाक धरून बाहेर, आणि मी आपला नळ्या मोजत बसलेलो. मीच सांगितलं त्यांना, आपल्याला वासातलं कळत नाही म्हणून.”

“कळतं,” मी म्हटलं.

भाऊजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वहिनी, बारा वाजायचेत अजून.”

“माहीत आहे मला.” माझा आवाज मलाच परका वाटला, एकतीस वर्षांत त्या वेळेला मी तो ऐकला नव्हता. “भाऊजी, तो पाईप भाजलेला नव्हता. चार नंबरचा. बुधवारी यांनी त्यात एक गुलाबाची तंबाखू ओढली होती. शनिवारी तो शेगडीत घालायचा माझ्याकडून राहिला. तुमच्या मिश्रणात काही नव्हतं. तुम्हांला लागला तो वास पाईपचा होता.”

भाऊजींनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. ठेवताना तिचं नाव समोर येईल अशी फिरवली.

“तुम्ही मान हलवली होतीत,” ते म्हणाले.

“हो. आणि हलवल्यावर लगेच आठवलं मला.”

“मौन होतं तुमचं.” मला वाट करून द्यावी तसं ते म्हणाले. “मौनात कसं बोलणार?”

“मौन बारापर्यंत होतं, भाऊजी.”

 ते रागावले असते तर बरं झालं असतं. मैदानावर मुलांचा गलका चालला होता. “दादाला नाही मी कधी शिव्या दिल्या,” ते म्हणाले. “नाकाला दिल्या. इतकी वर्षं. फुलवाल्याच्या समोरून जाताना वास आला तरी म्हणायचो, कशावरून खरा असेल?” मग विचारलं, “दादाला कळलं होतं?”

“नाही. पण त्यांनी ती बरणी ओढली. सहा वर्षांनी. मी ठेवली होती.”

“ओढली?” भाऊजी पुढे झुकले. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. “सगळी?”

“एका हिवाळ्यात. दर रविवारी एक पाईप.”

“कसं होतं?”

मला कळेना काय म्हणतात ते.

“मुरल्यावर कसं झालं होतं, वहिनी? मी कच्चंच चाखलं होतं ना. मुरलेलं माझ्या तोंडाला लागलंच नाही कधी.”

जिने उभ्या जन्मात एक झुरका घेतला नाही, तिला ते विचारत होते. दुसरं विचारायला कोणी उरलं नव्हतं. मी सांगितलं. झाकण उघडलं तेव्हा गरम कपड्यांचं कपाट थंडीत पहिल्यांदा उघडल्यासारखा वास आला. मग मनुकांसारखा. मग पावाच्या करपलेल्या कडेचा, पण अगदी थोडा. धूर वर न जाता टेबलाच्या उंचीवर थांबायचा. पिवळ्या पानाबद्दल हे काय म्हणाले ते सांगितलं, काळ्याबद्दल काय म्हणाले ते सांगितलं. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. मधे मधे विचारत होते, जिभेला चावत होतं का, मधेच विझत होतं का, राख पांढरी पडत होती की करडी. राखेचा रंग मला माहीत होता; राखदाणी मीच धूत होते.

“करडी,” मी म्हटलं. “पांढरीकडे झुकलेली.”

“आणि ते आंबूस पान? ते लागायचं का? त्याचीच मला धास्ती होती. पाव भागच घातलं होतं. दादाला विचारून वाढवणार होतो.”

एका रविवारी चहा ठेवायला गेले तेव्हा मास्तर आपणहून बोलले होते. माझ्याशी की पाईपशी, देव जाणे. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. “हे म्हणाले होते, ते आंबूस पान दुसऱ्या खोलीत कोणी हसावं तसं आहे. माणूस दिसत नाही. घरात कोणी आहे एवढं कळतं.”

भाऊजींनी डोळे उघडले नाहीत.

“म्हणजे पाव भाग पुरला,” ते म्हणाले.

घंटा झाली. मुलं धडधडत आत आली, मागून बाई आल्या. भाऊजी उठले, डगल्याची गुंडी लावली आणि कपाटातून काचेच्या परीक्षानळ्या लावून ठेवायचा लाकडी घोडा काढला. मी दारापाशी येऊन थांबले. “बिननाक्या काका, मला नीट बघून द्या, मागची फुटकी होती,” कोणी मुलगी म्हणाली. त्यांनी प्रत्येक नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि एकेकाच्या हातात दिली. छत्तीस मुलं होती, छत्तीस नळ्या दिल्या. एक उरली. बाईंनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली, मुलांची डोकी वह्यांत गेली, आणि भाऊजी खिडकीकडे तोंड करून ती उरलेली नळी पुसत उभे राहिले. ती स्वच्छच होती.